विचारणारी गेली

डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढला, जे सांगायचं ते हळू आवाजात सांगितलं आणि मग म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय का?"

मी नुसता उभा. सगळी नोकरी मी रत्नागिरीच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे काढली. लोकांनी विचारायचं आणि मी सांगायचं. राजापूरची गाडी गेली का, मंडणगडची लागली का, पूर्णगडला जायला आता काय आहे... उत्तरं तोंडात तयार असायची, प्रश्न पुरा व्हायच्या आत मी ती बाहेर फेकायचो. पण विचारायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. विचारणारी आत पलंगावर निपचित पडली होती. वासंती, माझी बायको. ती माझ्या जागी असती तर तिने आधी त्या डॉक्टरांना बाकावर बसवलं असतं, जेवलात का म्हणून विचारलं असतं आणि मग त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं असतं. आदल्या संध्याकाळी तर नाकात ऑक्सिजनची नळी असताना ती आयाबाईंना विचारत होती, की या वॉर्डात आजारी बाईला भेटायला माहेरची माणसं जास्त येतात की सासरची. आयाबाईंनी फडकं बादलीच्या काठावर ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून सांगायला लागल्या. मी वैतागून म्हटलं, "वासंती, बोलू नकोस, दम लागतोय तुला." तर म्हणते, "मी कुठं बोलतेय? त्या बोलतायत." आमच्यातलं हे शेवटचं धड बोलणं. साधा ताप म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला आणि पहाट व्हायच्या आत ती गेली.

तिची माझी ओळख त्या खिडकीतलीच. कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला नुकतीच लागली होती, खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. मला वाटलं, गाडीची वेळ विचारणार. तिने विचारलं, "सकाळच्या पूर्णगड गाडीतून माशांच्या पाट्या घेऊन बायका येतात, त्या मागच्याच बाकांवर का बसतात?" मी म्हटलं, "वास येतो म्हणून." ती म्हणाली, "कुणाला?" मागे रांग लागली होती, लोक कुरकुरत होते. "कुणाला म्हणजे... लोकांना." "म्हणजे त्या बायका लोकांत धरायच्या नाहीत?" असं म्हणून तिने चष्मा काढला, पदराने पुसत उभी राहिली. मला तिचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः फलाटावर जाऊन ती गाडी बघितली. कुणी त्यांना मागे बसा म्हणत नव्हतं. त्या आपणहूनच मागे जात होत्या, पुढचे बाक रिकामे असताना. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती एवढी खूश झाली, की पुढे आमचं लग्नच झालं.

चष्मा काढून पुसत बसण्याची ही तऱ्हा मला फार उशिरा कळली. आधी मला वाटायचं, भिंगं खराब झाली असतील. नंतर तिनेच सांगितलं. प्रश्न विचारला, की समोरच्याला थोडा वेळ एकटं सोडायचं. त्याच्याकडे टक लावून बसलं तर तो आपल्याला बरं वाटेल ते सांगतो. चष्मा काढला, की तिला पलीकडचं काहीच धड दिसत नसे, आणि ते समोरच्यालाही ठाऊक असे. मग तो मोकळा व्हायचा. आणि एकदम 'का' विचारायचं नाही, हा तिचा दुसरा नियम. ती मुलांना वर्गात सांगायची, "का विचारलं की माणूस वकील होतो, कसं विचारलं की सांगायला लागतो. 'का' आपल्या पोटात ठेवायचं." खिडकीत मात्र मला तिने पहिल्याच दिवशी 'का' विचारलं होतं. त्याबद्दल छेडलं की म्हणायची, "नवीन होते हो तेव्हा. नाहीतर तुमच्याशी लग्न कशाला झालं असतं?"

तिच्या प्रश्नांचा जाच घरात मी सोसला आहे. आमटीत कोकम आईच्या घरी किती घालायचे, आधी कुणाच्या ताटात वाढायचे, बहिणीच्या सासरी जाताना मी बूट आणि बहिणीचा नवरा आमच्याकडे येताना चप्पल, हे कसं... सकाळी चहाच्या आत असले तीन प्रश्न झालेले असायचे. मी म्हणायचो, "वासंती, मी आता ड्युटीवर नाही." आम्हाला मूल झालं नाही. का झालं नाही, हे गल्लीतल्या, नात्यातल्या, ओळखीच्या प्रत्येक बाईने तिला विचारलं आणि मला एकानेही कधी विचारलं नाही. रडली ती, खूप रडली. पण रडून झाल्यावर नाक पुसत म्हणाली, "बघितलंत का, कुठला प्रश्न कुणाला विचारायचा हेसुद्धा ठरलेलं असतं. आणि ते कुणी ठरवलं, हे कोणीच विचारत नाही." तिच्या दुःखातूनही तिचा विषय असा डोकं वर काढायचा. तेव्हा मला ते विचित्र वाटे. आता वाटतं, त्यामुळेच ती उभी राहिली.

कॉलेजात तिच्याविरुद्ध तक्रारी यायच्या. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती सांगायची, घरी जा आणि जेवायला शेवटी कोण बसतं ते नुसतं बघा, मग त्या माणसाला विचारा, शेवटी बसल्यावर ताटात काय उरतं. लोटे इथल्या रासायनिक कारखान्यातल्या एका कामगाराची मुलगी इथे वसतिगृहात राहून शिकत होती. सुट्टीत घरी गेली आणि शेवटी जेवणाऱ्या बापालाच विचारत सुटली. बाप कंपनीची बस पकडायची सोडून तडक कॉलेजात आला. "पोरीला शिकायला पाठवलंय का माझी उलटतपासणी घ्यायला?" वासंतीने त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "रात्रपाळी करून घरी आलात, की घरातली माणसं तुमच्याशी कशी वागतात?" आणि चष्मा काढला. तो माणूस खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "वागायला जागी कुठं असतात..." त्यानंतर तो जो बोलत राहिला, तो प्यून दारं लावायला आला तेव्हा उठला. जाताना पोरीला म्हणाला, विचार हो काय विचारायचं ते. घरी येऊन वासंती म्हणाली, "समाज समाज म्हणतात तो असा असतो. माणसं शेजारी शेजारी राहतात आणि ठरवून टाकतात, की दुसऱ्याला सगळं माहीत आहे."

हे सगळं आठवायचं ते मला आता तिच्या शेवटच्या कामाबद्दल सांगायचं आहे म्हणून. सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पूर्णगडच्या रस्त्यावरून आत गेलं की एक गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर जाते. प्रत्येक घरापुढच्या अंगणात, खळ्यात टेकते, घरची बाई ओटी भरते, म्हातारी माणसं गाऱ्हाणं घालतात, मुंबईची मंडळी एवढ्यासाठी रजा काढून येतात. फक्त एका घरी ती जात नाही. पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, शेवटी सोनूतात्यांचं घर, तिथे पाखाडीच्या तोंडाशी पालखी येते आणि मागे वळते. तात्या आता पार थकलेत. पण दर शिमग्याला त्यांची सून खळं सारवते, रांगोळी घालते, समई लावते, आणि तात्या धुतलेला सदरा घालून ताट हातात घेऊन उभे राहतात. ढोल जवळ येतो, जवळ येतो... आणि लांब जातो. मग सून ताट आत नेते. वासंती पहिल्यांदा तिथे गेली ती दुसऱ्याच कसल्या तरी अभ्यासाला. तिने हे बघितलं आणि पुढची कितीतरी वर्षं ती त्या गावची झाली. मी सोबतीला जायचो. त्या गावात मला नाव नव्हतं, मी 'बाईंचे मालक'.

गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच. "पूर्वापार चालत आलेला हाय." खोदून विचारलं तर कुणी म्हणे त्या घराण्याने देवीचं काही खाल्लं, कुणी म्हणे पूर्वजाने शपथ मोडली, कुणी नुसतं वर बोट दाखवी. हळूहळू त्या घरच्या लग्नाला लोक कमी जायला लागले, मुली द्यायला कचरायला लागले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तात्यांनाही तसंच वाटायचं. "आमच्याच कुनाच्या तरी हातना काय तरी झाला असंल, बाई. उगाच देवी पाठ फिरवील काय?" वासंती त्यांच्या ओटीवर बसून तांदूळ निवडू लागायची आणि विचारायची, तुमच्या वडलांच्या वेळी कसं होतं, आजोबांच्या वेळी कसं होतं. तात्यांना आठवायचं नाही. पण त्यांना एक थोरली बहीण होती, मंडणगडकडे दिलेली, बिछान्याला खिळलेली. एवढा लांबचा प्रवास करून वासंती तिच्याकडे गेली. मीही होतो.

म्हातारीला दिसत नव्हतं, पण आठवण लख्ख. वासंतीने विचारलं, "आक्का, तुम्ही लहान असताना तुमच्या घरी शिमगा कसा व्हायचा?" आणि चष्मा काढला. आंधळ्या बाईपुढे चष्मा काढायची काय गरज होती, पण सवय. म्हातारी म्हणाली, "पालखी यायची की. माझ्या आयशीनं ओटी भरलेली म्या बघितल्याय. मंग एका सालाला ऐन होळीच्या तोंडावर आजा गेला. घरात सुतक. मंग पालखी कशी येल? पाखाडीच्या तोंडाकडना मागं गेली." "आणि पुढच्या वर्षी?" "पुढल्या साली पालखी घेनारी पोरं सगळी नवी. जुनी मुंबयला गेली गिरनीत. त्यांनी इचारला, गेल्या साली हय गेलेली काय? कोन तरी बोलला, नाय. मंग फिरली मागं." वासंतीने म्हातारीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "तुमच्या वडलांनी हाक नाही मारली?" "देवीला हाक कशी मारायची बाय? बाबा ताट घेऊन उबा होता. बोलला, तिला यायचा तर ती येल." "हे तुम्ही तात्यांना कधी सांगितलं नाही?" म्हातारीने मान वळवली. "तो पाळन्यात होता तवा. पन त्याला ठावं असंल असाच वाटला मना."

परतीच्या गाडीत मी नुसता उसळत होतो. एका वर्षाचं सुतक, आणि त्यापायी एका घराच्या माथी पिढ्यान्‌पिढ्यांचा कलंक! गावाला वाटलं, घरच्यांनी बोलावलं नाही म्हणजे त्यांचंच काही चुकलंय. घरच्यांना वाटलं, देवी आली नाही म्हणजे आपलंच काही चुकलंय. मी म्हटलं, "उद्याच जाऊन सांगून टाकू." ती म्हणाली, "नाही हो. आपण सांगितलं तर ते आपलं उत्तर होईल, आणि आपलं उत्तर ते कशाला ऐकतील? शिमग्याआधी देवळात गावकीची बैठक बसते, पालखीची वाट तिथेच ठरते. मी तिथे जाऊन एवढंच विचारणार, की पालखी पहिल्यांदा त्या तोंडावरून मागे फिरली तो शिमगा कसा होता. जुनी माणसं आहेत अजून. आईबापांकडून ऐकलेलं एकाला एक आठवेल, दुसऱ्याला दुसरं. त्यांचं त्यांनाच सापडू दे." मी विचारलं, "आणि नाही सापडलं तर?" "तर परत विचारायचं." असं तिचं शास्त्र. पुस्तकातली मोठमोठी नावं तिला पाठ होती, पण ती म्हणायची की एवढं आलं, की समाजशास्त्र आलं.

बैठक यायची होती, त्याच्या आधीच ती गेली.

तेरावं व्हायचं होतं, घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि बैठकीचा दिवस आला. सुतक असलेल्या माणसाने देवाच्या कामात पाऊल टाकायचं नाही, हे मला सांगायला कुणी नको. पण मला बसवेना. तात्या पुन्हा ताट घेऊन उभे राहणार, हे डोळ्यांपुढून जाईना. तिचा भाऊ म्हणाला, "भावोजी, कुठे निघालात, दहावंसुद्धा झालेलं नाही." मी ऐकलं नाही. गाडी पकडून गावात गेलो आणि देवळाच्या दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या बाहेर रस्त्यावरच उभा राहिलो. आत माणसं बसलेली. मुख्य मानकरी मला बघून स्वतः बाहेर आले. सज्जन माणूस, डोळ्यांत पाणी. लांबूनच हात जोडले. "बाईंचा आमाला पन लय वाईट वाटला. पन आता तुमी हितं नका येऊ, घरी जावा." आणि मग... मग माझ्यातला खिडकीमागचा माणूस जागा झाला. मी काही विचारलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. गडग्याबाहेरून, ओरडून. की त्या घरी पाप नाही, शपथ नाही, काही नाही, एका सालचं सुतक होतं आणि तुम्ही सगळे मूर्खासारखे एकामागून एक मागे वळत गेलात. 'मूर्ख' हा शब्द मी वापरला. देवळात सगळे गप्प झाले. त्या गप्प होण्यात वासंतीने चष्मा काढला असता. चष्मा आता माझ्याही डोळ्यांवर होता, पण मी आणखी ओरडत राहिलो.

आतून कुणीतरी, मोठ्याने नाही, पण मला ऐकू येईल असं म्हणालं, "त्या घराच्या नादाला लागली नि विचारणारी गेली. आजून काय दाखवायचा हाय देवीनं?"

कुणीतरी "गप रे" म्हणालं. पण ते वाक्य देवळात राहिलं आणि मी रस्त्यावर राहिलो. कसा घरी आलो मला माहीत नाही. आयुष्यभर जिने माणसांच्या मनातलं एक एक खोटं कारण सोडवायचा प्रयत्न केला, तिचं मरणच आता एक कारण झालं होतं. उद्या त्या गावात कुणी पोराने विचारलं, पालखी तिथे का जात नाही, तर लोक म्हणतील, एका बाईंनी विचारलं होतं, काय झालं बघितलंस ना. माझी वासंती, जिने देवाला कधी दुखवलं नाही आणि माणसाला तर नाहीच, ती त्यांच्या तोंडी असली गोष्ट होऊन बसली. मी काय करू? कुणाकडे जाऊ? मी भिंतीवर डोकं आपटायचा तेवढा राहिलोय.

शिमगा झाला. तात्यांच्या सुनेने, सुरेखाने, त्या दिवशी मला फोन केला. फोन नुसता खळ्याकडे धरून ठेवला. ढोल ऐकू आला, जवळ आला आणि लांब गेला. मी फोन ठेवून दिला. आमच्या शहरातल्या आळीतही पालखी येते, दरवर्षी आमच्या दारात थांबते, वासंती ओटी भरायची आणि भोयांना सरबत द्यायची. यंदा सुतक म्हणून पालखी कोपऱ्यावरून मागे गेली. मी खिडकीत उभा होतो. पालखी खांद्यावर घेणारी पोरं सगळी नवी. ओळखीचा एकही चेहरा नाही. पुढच्या वर्षी कुणी त्यांना सांगेल का, की गेल्या साली तिथे का गेली नव्हती? मी आळीच्या कोपऱ्यावर उभा राहून हाक मारीन? शपथेवर सांगतो, नाही मारवणार. मीही ताट घेऊन उभाच राहीन.

परवा तात्या आले. त्या वयात, सुनेचा हात धरून, गाडीने, दोनदा बदलून. मी दार उघडलं. आत येईनात. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि तिथेच बसले. मी म्हटलं, तात्या, वर या, खुर्चीवर बसा. ते म्हणाले, "नको. बाई आमच्यापायी गेल्या. तेवढा सांगायला आलो. माफी मागायला आलो." आणि डोकं माझ्या उंबऱ्यावर टेकवलं.

उत्तर माझ्या तोंडात होतं. नाही तात्या, न्यूमोनियाने गेली, डॉक्टरांनी सांगितलं, कागद आहेत... सगळं तोंडापर्यंत आलं होतं. ते मी गिळलं. त्यांना हाताला धरून वर घेतलं, वासंतीच्या खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसवलं, आणि समोरच्या स्टुलावर मी बसलो. तिने काय विचारलं असतं, ते शोधत राहिलो. तिचं सगळं आयुष्य माझ्या शेजारी गेलं आणि मला एक प्रश्न सापडेना. शेवटी कसंबसं म्हटलं, "तात्या, तुमची आई ताट आत घेऊन जाताना तुम्ही पहिल्यांदा बघितलीत... तेव्हा ती कशी होती?"

तात्या सदऱ्याचं टोक बोटांत चुरगळू लागले. त्यांना एकटं सोडायला हवं होतं. मी माझा चष्मा काढला. समोरची खुर्ची, खिडकी, तात्या, सगळं पुसट झालं. त्या पुसटपणात खुर्चीत क्षणभर तीच बसलीय असं वाटलं, आणि भिंगं पुसायला मी हात खाली नेला, तर तिथे पदर नव्हता.